धुळ्याचं काष्ठौषधींचं दुकान: बिबा मागा, आधी चिठ्ठी दाखवा

पाचकंदीलजवळच्या या जुन्या दुकानात मी आईसाठी बिबा घ्यायला गेले होते. आईला आमवात आहे, रक्ततपासणीत आरए फॅक्टर पॉझिटिव्ह. सकाळी तासभर तिची बोटं वळत नाहीत. शिरपूरकडच्या नातलगांनी बिब्याचं नाव इतकं डोक्यात भरवलं होतं की ती ऐकेचना.

काकांनी माल काढण्याआधीच विचारलं, "कोनले देनं शे?" मग आईचं वय, पित्त, लघवीची जळजळ, चालू गोळ्या. आमवातावरची, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी चालू आहे म्हटल्यावर त्यांनी बरणीचं झाकण परत लावलं. वैद्यांची चिठ्ठी आणा आणि सांध्यांच्या डॉक्टरांनाही सांगा, म्हणाले. हातचं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मला फार मोलाचा वाटतो.

तरी समजावून सांगायला त्यांनी वेळ दिला. चिमट्यानं एक बिबा उचलून अडकित्त्यात दाबला. काळं, चपटं, गुळगुळीत बी. सालीतून डांबरासारखं दाट तेल हळूहळू बाहेर आलं. धोबी याच तेलानं कपड्यांवर खुणा करायचे. अंगाला लागलं की बिबा उततो: खाज, लाली, पाण्यानं भरलेले फोड. म्हणूनच काउंटरवर खोबरेलाची बाटली कायम असते. औषधात वापरण्याआधी बिबा विटकरीच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल काढतात, तेव्हा तो शुद्ध धरतात. घरी कुणी हा उद्योग करू नये.

गुण नाहीच असं नाही. चरकानं भल्लातकाला, म्हणजे बिब्याला, रसायनात (ताकद देणाऱ्या औषधांत) घेतलंय, आमवातावर वैद्य तो आजही देतात, उंदरांवरच्या प्रयोगांत सांध्यांची सूज उतरल्याचंही दिसलंय. पण मेथोट्रेक्झेटमागे माणसांवरच्या चाचण्यांचा जेवढा आधार आहे, तेवढा बिब्यामागे नाही. गरोदर बाई, लहान मूल, पित्ताची प्रकृती, मूत्रपिंडाचा त्रास, यांना तो वर्ज्य. आईची चालू गोळी बंद करून हा द्यायचा, हे तर मला अजिबात पटत नाही.

बिब्याचा तयार अवलेह, म्हणजे चाटणही इथे मिळतं. भल्लातक औषध नियमांच्या ई-१ यादीत, म्हणजे विषारी द्रव्यांत येतो, त्यामुळे डबीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना असते. ती इंग्रजी-हिंदीत आणि बारीक अक्षरांत. आईला ती वाचता येणार नाही.

गोडंबी, म्हणजे बिब्याच्या आतला खायचा गर, मात्र छान मिळाली: पांढरी, ताजी, सालीचा कण नाही. हिवाळ्याच्या लाडवांसाठी इथूनच घ्या.

तक्रार एकच, पण मोठी. सुटा माल साध्या कागदाच्या पुडीत देतात, वर नाव नाही. गोडंबीची पुडी आणि चिठ्ठी दाखवून नेलेल्या बिब्याची पुडी घरात शेजारी ठेवली तर कोणती कुठली हे उघडल्याशिवाय कळायचं नाही. पुडीवर 'बिबा, विषारी' एवढं पेनानं लिहून द्या, असं काकांना सांगून आले आहे.