वेळेच्या खुणांची दोन लिटरची बाटली : मापाला बरी, हिशेबाला कच्ची

पारदर्शक प्लॅस्टिकची दोन लिटरची बाटली, झाकणात स्ट्रॉ, कडेला दांडी आणि अंगावर वरून खाली छापलेल्या वेळा: सकाळी ७, ९, ११, मग दुपारी १, ३, ५, ७ आणि तळाला रात्रीचे ९. दर दोन तासांनी पाणी पुढच्या खुणेपर्यंत उतरवायचं, की झालं दिवसाचं पाणी. हा माल इतके जण बनवतात की एकाचं नाव घेण्यात अर्थ नाही; साचा सगळ्यांचा एकच, म्हणून परीक्षणही साच्याचंच. बाटली म्हणून ती कशी आहे ते पाहूच. पण घेणारा ती घेतो तिच्यावर छापलेल्या आकड्यासाठी, तेव्हा सुरुवात आकड्यापासून.

‘रोज आठ ग्लास’ किंवा ‘रोज दोन-अडीच लिटर’ याचं मूळ शोधताना बहुतेकदा १९४५ सालापर्यंत मागे जावं लागतं. अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने तेव्हा मोठ्या माणसासाठी दिवसाला अडीच लिटर पाणी सुचवलं, खाल्लेल्या दर कॅलरीमागे १ मिली या हिशेबाने. लगेच पुढच्या वाक्यात असंही होतं की यातलं बरंचसं पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. आकडा टिकला, पुढचं वाक्य गळालं. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने आठ ग्लासांच्या नियमाचा पुरावा शोधला. सौम्य हवेत राहणाऱ्या, फारशी अंगमेहनत नसलेल्या निरोगी माणसाला एवढं प्यायलाच हवं असं सांगणारा शास्त्रीय आधार त्यांना सापडला नाही.

आज वापरात असलेले आकडे दोन. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली पुरुषांसाठी २.५ लिटर आणि स्त्रियांसाठी २ लिटर सांगितले. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ साली ३.७ आणि २.७ लिटर सांगितले होते. पुरुषांच्या आकड्यांतच १.२ लिटरचा फरक आहे. याचं कारण, हे ‘एवढं न प्यायल्यास बिघडेल’ अशा किमान गरजेचे आकडे नाहीत. निरोगी माणसं प्रत्यक्षात किती घेतात यावरून ते काढलेत. आणि दोन्हींत एकूण पाणी धरलंय: अन्नातलं, चहा-कॉफीतलं, दुधातलं, सगळं.

आता हिशेब करा. युरोपच्या मापाने बाईचे २ लिटर. त्यातले साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे ४०० मिली, जेवणातून येतात; काकडीत ९५ टक्के पाणी, शिजलेल्या भातात ७० टक्क्यांच्या आसपास. उरले १६०० मिली. दीडशे मिलीचे दोन कप चहा आणि एक पेला दूध वजा केलं, तर साधं पाणी राहिलं ११०० मिलीच्या आसपास. बाटली मात्र दोन लिटर उतरवल्याशिवाय सोडत नाही. चहा-कॉफीचं पाणी धरायचं नाही हा समजही जुनाच. रोजची सवय असलेल्या माणसाच्या अंगात त्यातलं बहुतेक पाणी राहतं. उलट, उन्हात दिवसभर ओझी वाहणाऱ्याला हीच बाटली दुपारपर्यंतच पुरेल. २०२२ साली २३ देशांतल्या ५,६०४ माणसांच्या शरीरातून रोज किती पाणी फिरतं ते मोजलं गेलं. वय, शरीराचा आकार, अंगमेहनत, उष्मा, दमटपणा, राहत्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची यांप्रमाणे ते इतकं बदलत होतं की सगळ्यांच्या बाटलीवर एकच खूण छापणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल देणं.

आता खुणांकडे. सात ते नऊ हे चौदा तास, म्हणजे दोन-दोन तासांचे सात टप्पे, प्रत्येकी साधारण २८५ मिली. पण खुणा बहुधा सारख्या अंतरावर छापतात आणि बाटली मात्र सरळ नळकांडं नसते. पकडायला मध्ये कंबर आवळलेली असते. आतला व्यास १० सेंटीमीटर असेल तिथे ३ सेंटीमीटरच्या टप्प्यात २३५ मिली पाणी मावतं. कंबरेशी व्यास ८ झाला की तेवढ्याच टप्प्यात १५०. म्हणजे ११ ते १ मधे घोटभर आणि ३ ते ५ मधे पेलाभर, असं वेळापत्रक नकळत तयार होतं. तपासणं सोपं आहे. रिकामी बाटली स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, एकेका खुणेपर्यंत पाणी भरा आणि वजन वाचा. १ ग्रॅम म्हणजे १ मिली. वरची खूण २००० ऐवजी १८०० दाखवत असेल, तर ‘दोन लिटर’ हे गळ्यापर्यंत काठोकाठ भरल्यावरचं माप आहे. स्ट्रॉ तळापासून सेंटीमीटरभर वर संपत असेल तर ७५-८० मिली पाणी रोज तळाशीच राहतं. मिलिलिटरचे आकडेही छापलेली बाटली मिळाली तर तीच घ्या; वेळा खोटं बोलल्या तरी चालतं, मिली नको.

साहित्याबद्दल थोडक्यात. प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारा आकडा तळाशी त्रिकोणात असतो. तो ७ असेल आणि सोबत ट्रायटन (एका प्लॅस्टिकचं नाव) लिहिलं असेल तर बाटली टणक, स्वच्छ दिसणारी. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलिन, थोडी धुरकट पण मजबूत. १ असेल तर पेट, म्हणजे शीतपेयांच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक: गरम पाणी ओतलं की आक्रसते, खुणाही वाकड्या होतात. ती नको.

खरी कटकट झाकणात असते. पाणी निघावं म्हणून झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं. ते बुजलं की स्ट्रॉ ओढताना गाल आत जातात तरी घोटभरही पाणी येत नाही. टाचणीने मोकळं करा. थंड पाणी भरून बाटली गरम जागी ठेवली की आतली हवा फुगते आणि स्ट्रॉचं टोक उघडताक्षणी पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. आधी झाकण अर्धा फेरा सैल करायचं, मग टोक उघडायचं. बाटलीत दोष नाही, पण माहितीपत्रकात ही ओळ सहसा नसते.

झाकणाच्या आतल्या सिलिकॉनच्या वॉशरखाली बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे, नुसत्या खळखळवण्याने जात नाही. वॉशर चमच्याच्या दांड्याने उचकटून काढा, स्ट्रॉचे दोन्ही तुकडे वेगळे करा, कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा, मग बारीक ब्रश आरपार फिरवा आणि सगळं सुटं ठेवून पूर्ण वाळवा. आठवड्यातून दोनदा हे, रोज साबणाने. वॉशर निघतच नाही किंवा स्ट्रॉचा ब्रश सोबत नाही, अशी बाटली कितीही देखणी असली तरी परत ठेवा. पाण्याशिवाय सरबत वगैरे भरणार असाल तर स्ट्रॉवाली घेऊच नका.

वजनाचा प्रश्न कुणी विचारत नाही. भरल्यावर ही सव्वादोन किलोच्या आसपास जाते. एकाच टेबलाशी बसणाऱ्याला ठीक, बाहेर फिरणारा ती तिसऱ्या दिवशी घरी ठेवतो. पाऊण किंवा एक लिटरची, रुंद तोंडाची, स्ट्रॉ नसलेली बाटली आणि ‘आज किती वेळा भरली’ एवढी मोजणी जास्त टिकते.

सोबतच्या कागदावर एक वाक्य हमखास असतं: तहान लागेपर्यंत थांबू नका, तोवर उशीर झालेला असतो. हे निरोगी माणसाबाबत खरं नाही. रक्ताचा दाटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला की तहान लागते, आणि त्याच्याही आधी मेंदू मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतो. मूत्रपिंडं लघवी इतकी दाट करू शकतात की रक्तातले दिवसभराचे टाकाऊ पदार्थ साधारण ५०० मिली पाण्यातही बाहेर पडतात. तिथवर ताणावं असं नाही, पण ११ ची खूण ११.४० ला गाठली म्हणून काही बिघडत नाही.

बिघडतं ते उलट बाजूने. दिवसभर विसरलेला माणूस संध्याकाळी पाच वाजता बाटली बघतो, अजून लिटरभर बाकी, आणि नऊपर्यंत ती संपवतो. एकदम ओतलेलं पाणी शरीर ठेवून घेत नाही, तासा-दीड तासात मूत्राशयात धाडतं. झोप दोनदा मोडते, मिळत काहीच नाही. राहिलेलं राहू द्यावं. मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० मिली ते १ लिटर पाणीच बाहेर टाकू शकतात. त्यापेक्षा वेगाने, तासन् तास पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली घसरतं: डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण, पुढे झटके. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम असं उतरलेलं होतं.

याच बाटलीची स्मार्ट आवृत्तीही मिळते: तळात वजनाचा किंवा झाकणात पातळीचा सेन्सर, फोनवर ॲप. सेन्सरला पाणी कमी झालेलं कळतं, कुठे गेलं ते कळत नाही. कुंडीत ओतलं तरी ‘शाब्बास’ येतं. वजनवाली बाटली सपाट जागी टेकल्याशिवाय मोजत नाही. काही ॲप माणसाच्या वजनाला ३५ मिलीने गुणतात. ५० किलोला १.७५ लिटर, ११० किलोला ३.८५. जास्तीचं वजन चरबीचं असेल तर हा गुणाकार फसतो, कारण स्नायूंत तीन चतुर्थांश पाणी असतं आणि चरबीत फारच थोडं. पैसे घालवावेत असं यात काही नाही.

तरीही ही बाटली काहींच्या खरोखर कामाची आहे. म्हाताऱ्या माणसांची तहान मंदावते, त्यांना डोळ्यांसमोरची खूण उपयोगी पडते. फक्त एक लिटरची द्या, दोन किलो उचलवत नाहीत. मुतखडा होऊन गेलेल्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढं प्यायला सांगतात, तिथे माप लागतंच. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांमध्ये रोज दीड लिटर जास्त पाण्याने संसर्ग घटल्याचं दिसलंय. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला रोज साधारण ७०० मिली जास्त लागतं. घाम गाळणाऱ्यांनी मात्र बाटलीऐवजी वजनकाटा वापरावा: व्यायामाआधी आणि नंतर वजन करा, अर्धा किलो घटलं तर अर्धा लिटर गेलं.

हृदय कमकुवत असलेले, मूत्रपिंडाचे आजारी, डायलिसिसवर असलेले, आणि सोडियम कमी करणारी औषधं घेणारे यांनी या खुणांकडे बघूच नये. त्यांचं माप डॉक्टर ठरवतात, आणि ते बरेचदा दोन लिटरच्या आतलं असतं. जुलाबातही नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा ओआरएस लागतं.

बाकीच्यांसाठी फुकटचं माप लघवीचा रंग. फिकट पिवळी म्हणजे ठीक, गडद म्हणजे एक पेला घ्या, दिवसभर पाण्यासारखी पांढरी म्हणजे उगाच पिताय. ब जीवनसत्त्वाची गोळी घेतली असेल तर भडक पिवळा रंग धरू नका, तो गोळीचा असतो.

बाटली आधीच घेतली असेल तर टाकायची गरज नाही. वेळांवर कागदी चिकटपट्टी लावा, काट्यावर मोजून दर २५० मिलीला पेनाने आडवी रेघ मारा आणि तीन-चार दिवस नेहमीसारखं प्या, फक्त रात्री किती उतरलं ते लिहून ठेवा. तो आकडा ११०० येवो की १९००, दिवसा रंग फिकट पिवळा असेल तर तुमचं माप तेच. चिकटपट्टी भिजून सुटायला लागली की नवी लावा, वॉशर धुवायच्या दिवशीच.