रायझन 5 5600 की कोअर आय5-12400? लग्नसराईभर वापरल्यानंतरचा अनुभव

सोलापुरात आमचं लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम आहे. स्टुडिओत दोन पीसी शेजारीशेजारी चालतात. एकात एएमडीचा रायझन 5 5600 प्रोसेसर, दुसऱ्यात इंटेलचा कोअर आय5-12400. रॅम दोन्हीकडे 32 जीबी डीडीआर4, ग्राफिक्स कार्डंही एकाच तोडीची. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले तेव्हापासून मे अखेरपर्यंत दोन्ही पीसींवर सारखंच काम पडलं, म्हणून आता ठामपणे सांगतो: नुसत्या वेगावर यातला एक निवडायला गेलात तर निर्णय होणारच नाही. निर्णय होतो तो आय5 च्या पोटातल्या छोट्याशा ग्राफिक्सवर.

दोन्ही प्रोसेसर 2022 चे. दोन्हींत सहा कोर, बारा थ्रेड आणि कमाल वेग 4.4 गिगाहर्ट्झ. 12400 मध्ये प्रत्येक कोरला 1.25 एमबी एल2 कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, 5600 मध्ये 512 केबीच. उलट एल3 रायझनकडे 32 एमबी आणि इंटेलकडे 18. सिनेबेंच आर23 या वेग मोजणाऱ्या चाचणीत एका कोरवर इंटेल 1,700 च्या आसपास जातो, रायझन 1,450 च्या आसपास. सगळे कोर कामाला लावले की हे अंतर बरंच कमी होतं. फोटोशॉपमध्ये अल्बमची पानं लावताना इंटेल जरा चपळ वाटतो, हे खरं. पण फिल्म एक्स्पोर्टला लावून जेवायला गेलात, तर कोणता पीसी आधी मोकळा झाला याचं कुणाला सोयरसुतक नसतं.

फरक दिसतो तो टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग करताना क्लिप मांडतो त्या पट्टीवर. आम्ही 10 बिट 4:2:2 एचईव्हीसीमध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या पण घट्ट दाबलेल्या व्हिडिओ प्रकारात शूट करतो. सोनी ए7 फोर किंवा कॅनन आर6 कॅमेरे वापरणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. हळदीचा पिवळा, शालूचा लाल नंतर हवा तसा सावरता येतो, म्हणून तो सोडवत नाही. पण ही फाइल उलगडायला फार जड. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांना ती हार्डवेअरवर उलगडता येऊ लागली 2025 च्या आरटीएक्स 50 मालिकेपासून. त्याआधीचं कार्ड कितीही महागाचं असो, भार प्रोसेसरवरच येतो. 5600 वर प्रीमियर प्रोमध्ये दोन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम लावला की सहाही कोर धापा टाकतात, प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) ओढला तरी चित्र मागून रेंगाळत येतं. अंतरपाट दूर झाल्यावर नवरीनं नेमक्या कोणत्या फ्रेमला वर पाहिलं हे शोधताना तो उशीर फार छळतो.

12400 मधल्या यूएचडी 730 ग्राफिक्सला क्विक सिंक या इंटेलच्या व्हिडिओ उलगडणाऱ्या सोयीमुळे हेच फूटेज थेट उलगडता येतं. टास्क मॅनेजर उघडून बघा: इंटेल ग्राफिक्सखालचा ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर चढलेला, आणि प्रोसेसर निवांत. त्याच क्लिप, तशीच एसएसडी, आणि चित्र माउसबरोबर सरकतं. रायझनवर आम्ही रात्री प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) करायला लावतो, सकाळी त्या तयार असतात. पण वरात घरी पोचायच्या आत रील मागणाऱ्या मंडळींसाठी रात्रभर थांबायची सोय नसते. ते काम इंटेलवरच जातं.

घेताना दोन गोष्टी सांभाळा. शेवटी ‘एफ’ असलेला 12400एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्सच नाही. एडिटिंगसाठी तो घेऊ नका. शिवाय कार्ड बसवलं की काही मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, ते बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू ठेवावं लागतं. हे न केल्यामुळे ‘इंटेल घेऊनही फरक नाही’ म्हणणारे मला भेटले आहेत. ऐन वैशाखात आमच्या एका कार्डाचा पंखा गेला, तेव्हाही या ग्राफिक्सनंच तारलं. मदरबोर्डच्या एचडीएमआयला मॉनिटर जोडला आणि कटिंग चालू राहिलं. 5600 कार्डाशिवाय स्क्रीनच दाखवत नाही.

आता उन्हाळा. 5600 चे सगळे कोर एका छोट्या चिपवर आहेत, उष्णता तिथंच गोळा होते, त्यामुळे तापमान झटक्यात उसळतं आणि सोबत मिळणारा कूलर मे महिन्यात घोंगावतो. इंटेलचा कूलरही तसा शांत नाही. दोन्हींना टॉवर कूलर लावले तेव्हा कुठे त्या खोलीत बसून सनईचा आवाज नीट ऐकता येऊ लागला.

पण एवढ्यावरून रायझनला कमी लेखू नका. गेम खेळणाऱ्याकडे कार्ड असतंच, त्याला 5600 अजूनही छान पुरतो. आमच्या रायझनच्या पीसीचा बी450 बोर्ड जुनाच आहे; आधी त्यात रायझन 5 2600 होता. बोर्ड, रॅम, विंडोज काहीही न बदलता नवा प्रोसेसर बसला. एवढ्या कमी खर्चात इतका फरक मला दुसऱ्या कुठल्या अपग्रेडमध्ये दिसलेला नाही. तुमच्याकडे असा बोर्ड असेल तर इंटेलसाठी सगळं नवं घेण्याआधी हे करून बघा. मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधी, तो बोर्डवर असतानाच बायोस अपडेट करून घ्या, आणि तेही यूपीएसवर. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो.