सर्व्हर मदरबोर्डवरील बूटेबल रेड: जोडणी, मोडणी आणि अकरा महिन्यांचा वापर

रबाळे एमआयडीसीतील एका लहान कारखान्याच्या कार्यालयात आमचा एकच सर्व्हर आहे आणि त्याची सगळी जबाबदारी माझ्याकडे आहे. हिशेबाचे टॅली, यंत्रभागांची ड्रॉइंग आणि सतरा संगणकांच्या सामायिक फाइली त्यावरच असतात, त्यामुळे तो एक तास बंद पडला तरी माल पाठवण्याची बिले निघत नाहीत. गेल्या ऑगस्टमध्ये जुना सर्व्हर निवृत्त करून आम्ही इंटेलच्या चिपसेटचा, एका झिऑन प्रोसेसरचा आणि आठ साटा पोर्ट (डिस्क जोडण्याच्या जागा) असलेला सर्व्हर मदरबोर्ड घेतला. त्यावर रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकच डिस्क म्हणून वापरण्याची पद्धत, वापरायचे ठरवले. ४८० जीबीच्या दोन एसएसडीचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती ठेवणारा रेड १, बूटसाठी (यंत्रणा सुरू करण्यासाठी) केला आणि ४ टीबीच्या चार डिस्कचा रेड १०, म्हणजे मिररच्या दोन जोड्या एकत्र, माहितीसाठी केला. बोर्डाच्या कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या प्रकारच्या कोणत्याही बोर्डवर घडू शकतात. पहिले सहा महिने बोर्डच्या फर्मवेअरमधील (बोर्डवरच साठवलेल्या, सर्व्हर सुरू करणाऱ्या प्रोग्राममधील) रेड वापरला, नंतर तो पूर्णपणे मोडून लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर रेडवर आलो. जोडण्याबद्दल माहिती भरपूर मिळते, पण मोडण्याबद्दल फारशी कोणी लिहीत नाही, आणि मला खरा त्रास मोडतानाच झाला.

जोडणी सोपी होती. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये साटाचा मोड एएचसीआयवरून (प्रत्येक डिस्क वेगळी दिसणारा साधा मोड) रेड केला, बदल जतन करून सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि मगच ॲडव्हान्स्ड मेनूमध्ये रेडची पाने दिसू लागली. मोड बदलल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत हा मेनू दिसतच नाही, हे ठाऊक नसेल तर बोर्डमध्येच दोष आहे असे वाटू शकते. जुन्या लेगसी पद्धतीत कंट्रोल आणि आय ही कळ दाबून जो निळा-काळा पडदा यायचा, त्याची जागा यूईएफआयमध्ये या मेनूने घेतली आहे. रेड १० साठी १२८ केबीचा स्ट्रिप (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) निवडला. व्हॉल्यूमचा, म्हणजे रेडमधून तयार होणाऱ्या एकत्रित डिस्कचा, आकार पूर्ण न देता थोडा कमी ठेवला, कारण दुसऱ्या कंपनीची ४ टीबी डिस्क काही सेक्टरांनी लहान निघाली तर बदली डिस्क म्हणून ती चालत नाही. चार डिस्क मिळून ८ टीबी वापरण्याजोगी जागा होते आणि विंडोज ती ७.२७ टीबीच्या आसपास दाखवते. आम्ही आकार कमी ठेवल्यामुळे आमच्याकडे तो आकडा आणखी खाली होता. विंडोज सर्व्हर २०१९ बसवताना मात्र डिस्कच्या यादीत काहीच आले नाही. पेन ड्राइव्हवरून चिपसेटचा रेड ड्रायव्हर दिल्यावर दोन्ही व्हॉल्यूम दिसले.

बोर्डवर बीएमसी ही देखरेखीची स्वतंत्र चिप आहे, म्हणजे विंडोज सुरू झालेले नसतानाही सर्व्हरचा पडदा आणि कीबोर्ड नेटवर्कवरून हाताळता येतो. मी कळव्याला राहतो. सप्टेंबरमधील एका पावसाळी सकाळी विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचले होते आणि ट्रान्स हार्बरची लोकलही बंद होती. त्याच वेळी कार्यालयात वीज दोनदा गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि सर्व्हर अचानक बंद पडला. मी घरूनच बीएमसीचा पडदा उघडून फर्मवेअरच्या मेनूत गेलो आणि दोन्ही ॲरे (रेडमधील डिस्कचे गट) नॉर्मल आहेत हे पाहून विंडोज सुरू केले. नंतर रेड १० ची पडताळणी आपोआप सुरू झाली आणि दिवसभर ड्रॉइंग उघडायला वेळ लागत होता. ज्यांचा सर्व्हर घरापासून दूर आहे त्यांनी बीएमसी नसलेला बोर्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोव्हेंबरमध्ये रेड १० मधील एका डिस्कच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या नोंदींत) १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे पेंडिंग सेक्टर किंवा वाचता न आलेले संशयित भाग, वाढू लागला. डिस्क बदलायचे ठरले, पण आमच्या कॅबिनेटमध्ये विशिष्ट डिस्कचा दिवा लुकलुकवून दाखवण्याची सोय नव्हती. अशा वेळी चुकीची डिस्क ओढली गेली तर मिररची उरलेली चांगली बाजूही हातातून जाते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक कॅडीच्या (डिस्क बसवायच्या ट्रेच्या) पुढे डिस्कच्या सिरीयल क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहिलेली पट्टी चिकटवली होती, आणि ती त्या दिवशी कामी आली. ओढण्याआधी पट्टीवरचे अंक पडद्यावरच्या अंकांशी दोनदा पडताळले. नवी डिस्क लॅमिंग्टन रोडवरून आणली. रिबिल्डला, म्हणजे नव्या डिस्कवर माहिती पुन्हा उतरायला, साधारण नऊ तास लागले. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने भरली तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात आणि आमच्याकडे त्याच वेळी कामही चालू होते, त्यामुळे हा वेळ मला रास्त वाटला. रात्री घरून फोन केला आणि रखवालदार मामांना विचारले, "मामा, पुढचे चारही दिवे लुकलुकताहेत का?" त्यांनी कपाटापाशी जाऊन एकेक दिवा मोजून सांगितला. मामांनी सर्व्हरला कधी हात लावला नाही, पण त्या दिव्यांचे महत्त्व त्यांना तेव्हापासून कळले आहे.

फेब्रुवारीत आम्ही ठरवले की मूळ यंत्रणा डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) असावी आणि विंडोज तिच्यात आभासी यंत्र म्हणून चालावे. लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड बोर्डवर अवलंबून नसतो. बोर्ड जळाला तर त्या डिस्क दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकात लावून वाचता येतात, आणि या एका कारणासाठी मी हा बदल पुन्हा करीन. सुमारे साडेतीन टीबी माहिती दोन ठिकाणी उतरवून घेतली, त्यातील काही फाइली उघडून तपासल्या, आणि मगच मोडणीला हात घातला.

येथे माझी चूक झाली. मी फर्मवेअरमध्ये साटाचा मोड रेडवरून परत एएचसीआय केला आणि ॲरे संपला असे धरले. प्रत्यक्षात तो संपला नव्हता. रेडची माहिती, म्हणजे मेटाडेटा, बोर्डमध्ये नसून प्रत्येक डिस्कवर असते आणि इंटेलच्या पद्धतीत ती डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरांत लिहिलेली असते. डेबियनच्या इन्स्टॉलरने विचारले की साटा रेड सापडला आहे, तो सक्रिय करायचा का. मी नाही म्हटले. तरीही डिस्कच्या यादीत सहाही डिस्कपुढे 'आयएसडब्ल्यू रेड मेंबर' (इंटेलच्या रेडचा सदस्य) असे लिहून येत होते. मग मी डीडी या आज्ञेने प्रत्येक डिस्कचे सुरुवातीचे १०० एमबी शून्याने भरले आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. तेच शब्द पुन्हा आले, कारण मी पुसली होती डिस्कची सुरुवात आणि नोंद होती शेवटी. जीपीटी पार्टिशन तक्त्याची (डिस्कच्या विभागांच्या यादीची) दुसरी प्रतसुद्धा शेवटीच असते, त्यामुळे नुसती सुरुवात पुसून डिस्क कोरी होत नाही.

शेवटी योग्य मार्ग धरला. मोड पुन्हा रेड केला, मेनूतून आधी माहितीचा आणि मग बूटचा व्हॉल्यूम डिलीट केला, ज्या डिस्क अजूनही सदस्य दिसत होत्या त्यांना नॉन-रेड केले, आणि त्यानंतरच मोड एएचसीआय केला. लिनक्समध्ये आल्यावर प्रत्येक डिस्कवर वाइपएफएस ही आज्ञा सर्व खुणा पुसण्याच्या पर्यायासह चालवली आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर काही सापडत नाही याची खात्री केली. डिलीट आणि रीसेट या दोन्ही पर्यायांवर माहिती जाण्याचा इशारा येतो आणि तो अक्षरशः खरा मानावा. बोर्डच्या पुस्तिकेत जोडणीला कित्येक पाने दिली आहेत आणि काढण्याला जेमतेम अर्धे पान. ग्राहकावर हा अन्यायच आहे, कारण माहिती कायमची जाण्याचा धोका काढतानाच असतो.

दुसरी अडचण एप्रिलमध्ये आली. मोडणीच्या आधी मी बूट मिररमधील एक एसएसडी सुरक्षित प्रत म्हणून बाहेर काढून खणात ठेवली होती आणि तिची जागा त्याच आकाराच्या नव्या एसएसडीने भरली होती. ही कल्पना अजूनही चांगली वाटते, कारण काही बिघडले असते तर जुनी यंत्रणा त्या एका डिस्कवरून उभी करता आली असती. एप्रिलमध्ये ती पुन्हा वापरण्यासाठी न पुसता सर्व्हरमध्ये लावली. रविवारी रात्री लावली आणि सोमवारी सकाळी साडेआठला लेखा विभागातून फोन आला की पडदा निळा आहे. फर्मवेअरने त्या एसएसडीवरचा जुना विंडोज बूट मॅनेजर बूटच्या क्रमात सर्वांत वर नेला होता, आणि त्या विंडोजला रेड मोड अपेक्षित असताना साटा एएचसीआयमध्ये असल्याने ते 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' या संदेशावर थांबले होते. ते तिथे थांबले हे आमचे भाग्य होते. फेब्रुवारीतील जुनी यंत्रणा सुरू झाली असती, तर सकाळच्या नोंदी भलत्याच ठिकाणी पडल्या असत्या.

लिनक्समधील रेड १ वर बूट करण्याचा एक वेगळा मुद्दा आहे, आणि तो बांधतानाच सोडवावा लागतो. फर्मवेअरचा रेड असताना दोन एसएसडी फर्मवेअरला एकच डिस्क दिसतात, म्हणून ईएसपी नावाचे बूट पार्टिशन आपोआप दोन्हीकडे असते. सॉफ्टवेअर रेडमध्ये फर्मवेअरला त्या वेगळ्या दिसतात, म्हणून ईएसपी दोन्हींवर स्वतंत्रपणे तयार करावे लागते. मी दोन्हींवर ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) बसवला, ईएफआयबूटएमजीआर या आज्ञेने फर्मवेअरमध्ये दोन्हींच्या नोंदी केल्या आणि काढता येणाऱ्या माध्यमांसाठी ठरलेल्या मार्गावरही एकेक प्रत ठेवली, कारण डिस्क दिसेनाशी झाली की काही बोर्ड तिची नोंद स्वतःहून पुसतात.

मार्चमधील एका शनिवारी संध्याकाळी सर्व लोक गेल्यावर पहिली एसएसडी ओढून चाचणी केली. ग्रब आला, कर्नल आला, आणि मग पडद्यावर एक ओळ थांबून राहिली, तिच्यापुढे सेकंद मोजले जात होते. नव्वद सेकंदांनंतर यंत्रणा इमर्जन्सी मोडमध्ये गेली. मिरर शाबूत होता, पण एफएसटॅबमध्ये (सुरुवातीला जोडायच्या पार्टिशनांच्या यादीत) ओढलेल्या डिस्कवरचे ईएसपी माउंट करण्याची, म्हणजे जोडण्याची, ओळ होती आणि ते न मिळाल्याने पुढचे सर्व अडले होते. त्या ओळीत नोफेल (न मिळाल्यास न अडता पुढे जा) हा पर्याय घातला, स्वॅपही (मेमरी अपुरी पडल्यास वापरली जाणारी डिस्कवरची जागा) मिररवर नेला, आणि दुसऱ्या प्रयत्नात एकाच एसएसडीवर सर्व्हर लॉगिनपर्यंत आला. मग हीच चाचणी दुसरी एसएसडी ओढूनही केली. दोन्ही बाजूंनी ही चाचणी केल्याशिवाय कोणत्याही ॲरेला बूटेबल म्हणू नये, असे मी आता मानतो.

तेव्हापासूनचा वापर समाधानकारक आहे. वीज गेल्यावर सर्व भाग पुन्हा जुळवण्याऐवजी बिटमॅपमुळे (कोणते भाग बदलत होते याच्या नोंदीमुळे) फक्त बदललेले भाग जुळवले जातात, त्यामुळे मे महिन्यातील एका अचानक बंदनंतर रेड १० काही मिनिटांत पूर्वपदावर आला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासणी आपोआप होते आणि एमडीएडीएम हा लिनक्सचा रेड सांभाळणारा प्रोग्राम बिघाडाचा ईमेल मला पाठवतो. वेगात दोन्ही पद्धतींत आम्हाला जाणवण्याइतका फरक नाही. मात्र ज्यांना थेट यंत्रावर विंडोजच चालवायचे आहे, त्यांच्यासाठी फर्मवेअरचा रेड आजही योग्य आहे, कारण विंडोज त्याच मिररवरून बूट होते आणि ईएसपीचा वेगळा विचार करावा लागत नाही.

कपाटात आता ४ टीबीची एक राखीव डिस्क आहे. तिच्या पट्टीवर सिरीयलचे शेवटचे चार अंक आणि वाइपएफएस चालवल्याची तारीख लिहिली आहे, आणि तारीख नसलेली डिस्क सर्व्हरमध्ये लावायची नाही हे मी कार्यालयातील दोघांना लेखी कळवले आहे.