हजार तुकड्यांचा ‘बुद्धिबळाचा डाव’: पाच महिन्यांनंतर

हा जिगसॉ जूनमध्ये मागवला, दिवाळीच्या साफसफाईआधी कसाबसा पूर्ण झाला. चित्र इटालियन चित्रकर्ती सोफोनिस्बा अँग्विसोलाचं, साल 1555; तीन मुली बुद्धिबळ खेळतायत. मूळ चित्र पोलंडमध्ये पोझ्नानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आधी तक्रारी. मागचं झाड म्हणजे नुसता छळ! हिरवट-काळे तुकडे सगळे एकसारखे. अख्खा ऑगस्ट मी त्या पानांत अडकले होते. काही तुकडे चुकीच्या जागीही चपखल बसतात. आणि खोक्यावर चित्रकर्तीचं नाव कुठे, तर तळाला, बारकोडशेजारी.

कपडे मात्र जोडायला मजा आली. जरीकाम, टेबलावरचा गालिचा, छपाई छान उतरलीय. खेळणाऱ्या तिघी चित्रकर्तीच्या बहिणी. बाईमाणसाला नग्न मॉडेल समोर बसवून शिकायची मुभा नव्हती, मग घरातलीच माणसं बसवायची. मिनर्व्हाने हात वर केलाय, बहुधा डाव हातचा गेला. धाकटी युरोपा तिच्याकडे बघून हसतेय. लुचिया पट सोडून थेट आपल्याकडे बघते. कडेला म्हातारी दासी.

सासूबाईंनी विचारलं, “अगं, यात वजीर कुठला?” युरोपात वजिराला राणी म्हणतात, हे कळल्यावर दोन दिवस त्यांचा तोच विषय. (राणीला आजची लांब चाल मिळून तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती.)

सप्टेंबरमध्ये पटाची कड जुळली आणि तिथे बारीक लॅटिन अक्षरं निघाली. अर्थ शोधला: आमिल्कारेची अविवाहित मुलगी सोफोनिस्बा, हिने आपल्या तीन बहिणी आणि दासी प्रत्यक्ष बघून रंगवल्या. म्हणजे बाईंनी नाव लिहायचं काम दुसऱ्या कुणावर सोडलंच नव्हतं. बरंच केलं. पुढे 1559 मध्ये ती स्पेनच्या दरबारी गेली, राणीच्या दिमतीला आणि चित्रकला शिकवायला. तिथे तिने केलेलं राजा दुसऱ्या फिलिपचं व्यक्तिचित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, आणि ते कितीतरी काळ दुसऱ्याच चित्रकाराच्या नावावर होतं.

शेवटी एक तुकडा कमी निघाला, नेमका मिनर्व्हाच्या हाताजवळचा. विक्रेत्याला दोन मेल केले, उत्तर नाही. तसाच प्लायवर चिकटवून बैठकीत लावलाय. येणारा प्रत्येकजण आधी ते भोक बघतो.

साडेतीन तारे. घेणार असाल तर आधी पट जोडा, झाड अगदी शेवटी.