विल्कोचा 'क्रुएल कंट्री': बरेच महिने ऐकल्यानंतर

मे 2022 मध्ये विल्को या अमेरिकन रॉक बँडचा हा बारावा स्टुडिओ अल्बम आला आणि तेव्हापासून माझ्याकडे तो सतत वाजतो आहे. पहिल्या आठवड्यात त्याच्यावर मत देण्यात काहीच अर्थ नव्हता. 21 गाणी, सव्वा तासापेक्षा जास्त वेळ आणि त्यातली बहुतेक गाणी संथ नाहीतर मध्यलयीतली. हा अल्बम मुरायला वेळ घेतो. माझ्याकडे तो आता मुरला आहे, म्हणून लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. विल्कोचा गायक-गीतकार जेफ ट्वीडी आणि जे फारार यांचा अंकल ट्युपेलो हा इलिनॉयमधल्या बेलव्हिलचा बँड. 1990 चा त्यांचा 'नो डिप्रेशन' हा आल्ट-कंट्रीचा (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं कंट्री संगीत आणि रॉक यांचं मिश्रण) मूळ अल्बम मानला जातो. 1994 मध्ये बँड फुटला. फारारने सन व्होल्ट काढला, ट्वीडीने उरलेल्यांना घेऊन विल्को. पण कंट्रीचा शिक्का विल्कोने कधी मनापासून स्वीकारला नाही. 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' या 2002 च्या अल्बमपर्यंत तर ते पार दुसऱ्याच मुलखात पोचले होते. आता इतक्या वर्षांनी त्यांनी स्वतःहून सांगितलं की हा आमचा कंट्री अल्बम. जुन्या चाहत्यांना याचं अप्रूप वाटणारच, मलाही वाटलं.

खरी गंमत मात्र हा अल्बम कसा झाला त्यात आहे. शिकागोमधल्या 'द लॉफ्ट' या त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओत सहाही जण एका खोलीत बसले आणि बहुतेक गाणी एकत्र वाजवूनच रेकॉर्ड केली. याआधीच्या 'ओड टू जॉय' या अल्बमचा पाया ट्वीडी आणि ड्रमर ग्लेन कोची या दोघांनी घातला होता, बाकीचे नंतर आले. इथे तसं नाही. हेच सहा जण 2004 पासून एकत्र वाजवत आहेत आणि ती सवय पदोपदी ऐकू येते. कोण कुठे थांबणार हे दुसऱ्याला आधीच माहीत असतं. एकाने जागा सोडली की दुसरा ती हळूच भरतो, आणि कधी कधी कुणीच भरत नाही, तेही बरं वाटतं.

'बर्ड विदाउट अ टेल / बेस ऑफ माय स्कल' हे गाणं नीट ऐका. सुरुवातीला ते बडबडगीतासारखं एका ओळीतून दुसरी ओळ काढत जातं. मग शब्द संपतात आणि गिटारी एकमेकींशी बोलू लागतात. गिटारिस्ट नेल्स क्लाइन हा या बँडमधला सगळ्यात तयारीचा वादक. मनात आणलं तर तो एकटाच सगळं गाणं खाऊन टाकेल. इथे तो बाकीच्यांच्या मधूनमधून वाजवतो, सूर लांबवतो, मागे सरकतो. स्वतंत्र सोलो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. जवळजवळ आठ मिनिटांचं 'मेनी वर्ल्ड्स'ही असंच: आधी पियानो आणि ट्वीडीचा थकलेला आवाज, मग अर्ध्यावर सगळा बँड हळूहळू जागा होतो. केवळ या दोन गाण्यांसाठीही मी हा अल्बम विकत घेतला असता.

शब्दांबद्दल. ट्वीडी आपल्या देशावर प्रेम करतो आणि त्याच दमात त्याला निर्दय म्हणतो. शीर्षकगीतात हे इतक्या साधेपणाने येतं की पटकन निसटून जातं. 'आय ॲम माय मदर' या वॉल्ट्झच्या (तीन मात्रांच्या) ठेक्यातल्या गाण्यात दक्षिण सीमेवरून येणाऱ्या स्वप्नांचा उल्लेख आहे. 'हिंट्स'मध्ये तडजोडीपेक्षा मारणं पसंत करणाऱ्यांशी मध्यममार्ग कसा काढायचा, हा प्रश्न आहे. कुठेही आवाज चढत नाही, घोषणा नाहीत. 'अ लाइफटाइम टू फाइंड'मध्ये तर थेट मृत्यूशी संवाद आहे आणि चाल चक्क प्रसन्न! ही कंट्रीची जुनीच रीत: दुःख सांगायचं, पण ठेका सोडायचा नाही. ट्वीडीला ती पक्की उमगली आहे.

आता तक्रारी. पहिल्या भागात 12 गाणी आहेत, दुसऱ्यात 9, आणि दुसऱ्या भागात मध्ये एक सैल पट्टा आहे. 'स्टोरी टू टेल' आणि 'सॅड काइंड ऑफ वे' वाईट नाहीत, पण इतके महिने ऐकूनही त्यांची वेगळी ओळख माझ्या मनात तयार झाली नाही. चार-पाच गाणी कमी असती तर अल्बम अधिक घट्ट झाला असता, असं माझं ठाम मत आहे. दुसरं म्हणजे ट्वीडी हल्ली इतका पुटपुटत गातो की शब्द समोर ठेवल्याशिवाय काही ओळी कळतच नाहीत.

आणखी एक महत्त्वाचं: फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. कोची अगदी हलक्या हाताने वाजवतो, त्याचं सगळं नक्षीकाम तिथे गायब होतं. जॉन स्टिरटचा बेसही जातो, आणि उरते फक्त एक मिळमिळीत अकूस्टिक गिटार. ज्यांना अल्बम 'झोप आणणारा' वाटला त्यांनी एकदा बरे हेडफोन लावून पाहावं. आवाज फार मोठा करायची गरज नाही.

सगळा एका बैठकीत ऐकायचा हट्ट धरू नका. आज पहिला भाग, उद्या दुसरा. कंट्रीची अजिबात सवय नसेल तर क्रम मोडून आधी 'फॉलिंग अपार्ट (राइट नाउ)' लावा. ते उडतं आहे, लगेच आवडतं. मग 'टायर्ड ऑफ टेकिंग इट आउट ऑन यू', कारण घरातल्या माणसावर राग काढल्याची इतकी प्रांजळ माफी मी फार थोड्या गाण्यांत ऐकली आहे. त्यानंतर पहिल्यापासून सुरुवात करा.