निळं-हिरवं शेवाळ भातात: मे ते नोव्हेंबरचा अनुभव

नवापूरकडे आमचं एक एकर भात, इंद्रायणी. गेल्या खरिपात अर्ध्या एकरात हवेतलं नत्र बांधणारं निळं-हिरवं शेवाळ टाकलं, उरलेल्यात नेहमीचा पूर्ण युरिया. त्याआधी एकदा दुकानातून आणलेल्या पाकिटात नुसती मेलेली माती निघाली होती, म्हणून या वेळी विरजणापुरतं शेवाळ आणून घरीच वाढवलं.

२ मीटर लांब, १ मीटर रुंद खड्डा, त्यात प्लास्टिक, १० किलो माती, २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि वर चार बोटं पाणी. पहिला खड्डा उघड्या अंगणात केला, तिथेच चुकलं. या शेवाळाला ऊब लागते, ३० ते ३५ अंश त्याला मानवतं. पण मे महिन्यातलं आपलं खान्देशी ऊन! दुपारी पाण्यात हात घातला तर चटका बसायचा. आठवड्यात सगळं पिवळं पडलं. दुसरा खड्डा निंबाच्या विरळ सावलीत घेतला, रोज सकाळी आटलेलं पाणी भरलं. पंधरवड्यात जाड साय धरली. दुपारी तिच्याखाली बुडबुडे साचून ती वर तरंगायची. पाणी आटू दिल्यावर पापडासारख्या कडा वळलेल्या खपल्या सुटल्या. दोनदा काढून दोन किलो भरल्या. अर्ध्या एकराला तेवढ्या पुरतात.

पुतणीने कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: मण्यांची माळ, आणि मध्ये मध्ये जाड कवचाचा एक फिकट मणी. नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) प्राणवायू लागला की निकामी होतं. म्हणून त्या मण्यात प्राणवायू तयारच होत नाही, आणि हवेतलं नत्र तिथेच बांधलं जातं. भातखाचरात हे काम मुख्यतः ही शेवाळंच करतात, हे संशोधक पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवलं होतं.

लावणीनंतर आठव्या दिवशी खपल्या चुरून फेकल्या. खाचरात पाणी हलू द्यायचं नाही, आटू द्यायचं नाही. एकदा बांध फुटला आणि त्या कोपऱ्यातलं शेवाळ वाहून गेलं. युरिया मी पाव भागाने कमी केला, पूर्ण बंद नाही. तोही भरमसाट टाकला तर शेवाळ आयतं नत्र घेतं, स्वतः बांधत नाही.

नोव्हेंबरात मळणी झाली. दोन्हीकडे पोती सारखीच भरली. फुटवेही सारखे होते, फक्त बांध फुटलेला कोपरा पिवळट राहिला. शेवाळ जमिनीत रुजायला सलग तीन-चार हंगाम टाकावं लागतं, म्हणून यंदाही त्याच खाचरात टाकणार आहे. उरलेल्या खपल्या कापडी पिशवीत, खतांच्या गोण्यांपासून लांब टांगून ठेवल्यात.