मुंबई–नागपूर विमानप्रवास: काही महिन्यांच्या ये-जा नंतर

मी डोंबिवलीत, आई-बाबा नागपूरला. बाबांच्या औषधपाण्यामुळे गेले काही महिने शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि सोमवारी सकाळी परतायचं, असं चाललंय.

सरळ रेषेत हे अंतर साधारण ६८० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने पाऊण-एक तासात पोचायला हवं. तिकिटावर मात्र दीड तास किंवा थोडं जास्तच असतं, कारण ती वेळ गेटपासून गेटपर्यंतची, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी विमान रांगेत सरकत राहतं ते पंधरा-वीस मिनिटं. त्यात उड्डाण बहुधा समुद्राकडे! जायचंय पूर्वेला, आणि आधी जुहूवरून अरबी समुद्रावर जाऊन वळायचं. खिडकी मिळाली तर मला हा वळसा आवडतो, ते सोडा.

हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जाताना विमान जरा लवकर पोचतं, येताना रेंगाळतं. हा फरक मिनिटांचा. खरा खोळंबा डिसेंबर-जानेवारीत: नागपूरला लख्ख ऊन, मुंबईतही आकाश मोकळं, तरी विमान दोन तास लेट. कारण तेच विमान सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं असतं.

पण सगळ्यात जास्त वेळ खातो तो डोंबिवली ते टर्मिनल हा टप्पा. शुक्रवारी दीड-दोन तास धरूनच चाला. सामानाचं काउंटर तासभर आधी बंद होतं, म्हणजे त्याच्याही आधी पोचायला हवं. नागपूरला सगळं सुटसुटीत; सोनेगावच्या विमानतळावरून घरी अर्ध्या तासाच्या आत. घर ते घर साडेपाच-सहा तास होतात, त्यातला हवेतला वेळ जेमतेम सव्वा तास.

रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर, कारण लोहमार्ग भुसावळ-अकोल्यावरून फिरून जातो. समृद्धी महामार्ग मात्र ७०१! विमानाच्या रेषेपेक्षा वीसेक किलोमीटरच जास्त. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि आमणे आम्हाला जवळ. गाडीने आठ-नऊ तासांत पोचता येतं. एकट्याने मात्र मी जाणार नाही. तो सरळसोट रस्ता डोळ्यांवर झोप आणतो.

सध्या माझं असं ठरलंय: जाताना कल्याणहून विदर्भ एक्सप्रेस, रात्रभर झोपून सकाळी घरी. येताना सोमवारचं पहिलं विमान, म्हणजे दुपारी ऑफिस गाठता येतं. अंधेरी-पार्ल्यात राहणाऱ्यांनी दोन्हीकडून विमानच घ्यावं, त्यांचे दोन तास वाचतात. डोंबिवली-कल्याणकरांनी आता नवी मुंबईहून सुटणारी विमानंही बघावीत. आणि चौघं जण असाल तर सरळ गाडी काढा, पंधरा किलो सामानाची कटकट नाही, येताना संत्र्याची पेटी डिकीत टाकता येते.